कुत्रा माझा, घाण कुणाची?

गेल्या शनिवारी काही लिहिलं नाही. रिलीज होतं, आणि रिलीजच्या रात्री माणूस फक्त चहा पितो आणि लॉग वाचतो. असो. त्याची भरपाई म्हणून आज जरा लांबण लावतोय. एक आगाऊ सूचना: विषय घाणेरडा आहे. अक्षरशः. हातात पोह्यांची बशी असेल तर आधी ती संपवा, मग वाचा.

इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे, २०२० मध्ये लॅपटॉप उचलून मी पुण्याहून जालन्याला आलो तो परत गेलोच नाही. ऑफिसने फार आग्रह केला नाही, मीही विषय काढला नाही. घरी आल्यावर पहिल्या वर्षभरात दोन गोष्टी वाढल्या. एक माझं वजन, दुसरा एक लॅब्रेडॉर. वजनाबद्दल पुन्हा कधीतरी. लॅब्रेडॉरचं नाव बंड्या. आई म्हणते, एवढं महागाचं इंग्रजी कुत्रं आणि नाव काय, तर बंड्या! पण त्याच्या तोंडाकडे बघितलं की दुसरं नाव सुचतच नाही :-)

तर या बंड्याला घेऊन मी रोज सकाळी सहाच्या सुमारास बाहेर पडतो. आठवडाभर मोती तलावाच्या बाजूला आणि रविवारी गाडी काढून घाणेवाडीला. (ज्यांना जालना माहीत नाही त्यांच्यासाठी: नावावर जाऊ नका. निजामाच्या काळात कुंडलिका नदीवर बांधलेला हा जलाशय म्हणजे आमच्या शहराचा जुना रांजण आहे. उतारावरून, गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर शहराला पाणी देणारा.) पावसाळ्यानंतर तिथे गेलात तर मराठवाड्यात आहोत हे विसरायला होतं. पाणी, गवत, पाखरं. बंड्याचा तर स्वर्गच.

आणि या स्वर्गात बंड्या काय करायचा, हे सांगायला नकोच. त्या वेळी मी काय करायचो ते मात्र सांगतो. मी मोबाईल काढायचो. कुत्रा पाळणाऱ्या माणसाची ही एक ठरलेली मुद्रा आहे, जरा निरखून बघा. कुत्रा कमरेत वाकला की मालकाला एकदम महत्त्वाचा मेसेज येतो. नाहीतर समोरच्या झाडावर एखादा दुर्मिळ पक्षी दिसतो. कुत्र्याचं आटोपलं की मेसेजही वाचून होतो आणि पक्षीही उडून जातो. मग ‘चल रे बंड्या’ म्हणून आपण पुढे. तीन-साडेतीन वर्षं मी हेच केलं. वाईट वाटणं सोडाच, यात काही वाईट आहे हेच कधी डोक्यात आलं नाही.

मग मागच्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी एक मावशी भेटल्या.

त्या शेळ्यांसाठी गवत कापत होत्या. साठीच्या असतील. हातात विळा, शेजारी अर्धा भरलेला भारा. बंड्या नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे पळत गेला, मी नेहमीप्रमाणे लांबूनच ओरडलो, ‘घाबरू नका मावशी, काही करत नाही तो.’

‘घाबरत नाही म्या,’ त्या म्हणाल्या. ‘हे तुमचंच कुत्रं ना? आयतवारी आयतवारी आणता हितं?’

‘हो.’

‘मंग भाऊ, त्याला हागायला दुसरीकडं न्या. गवताची मूठ धरावं तर हात भरतो माझा. आत्ताच भरला.’ त्यांनी हात दाखवला. गवताला पुसला होता, पण पुरता निघाला नव्हता. ‘शेळ्या बी त्या गवताला तोंड लावत न्हाईत मंग. धुवायचं तर खाली पाण्यापोतर जावं लागतं. भाकर याच हातानं खायची हाय.’

मी काहीतरी पुटपुटलो. सॉरी म्हणालो बहुतेक. गाडीतली पाण्याची बाटली आणून त्यांच्या हातावर ओतली. ते पाणीसुद्धा मी बंड्यासाठी आणलेलं होतं. हात धुता धुता त्या म्हणाल्या, ‘कुत्रं मुकं हाय. त्याला काय बोलावं?’

झालं एवढंच. आरडाओरडा नाही, शिवी नाही. पण परत येताना गाडीत मला एसीतही घाम फुटला होता.

आता मी पडलो इंजिनिअर. लाज वाटली की आम्ही रडत नाही, मोजायला बसतो. दुसऱ्या दिवसापासून बंड्याचं सगळं उचलायला लागलो आणि पहिले चौदा दिवस उचललेलं वजनही केलं. (स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही हो! आईने बंड्यासकट मला बाहेर काढलं असतं. शाळेत असतो तसला ताणकाटा आणला.) सरासरी निघाली दिवसाला ३२० ग्रॅम. म्हणजे वर्षाला जवळजवळ ११७ किलो. साडेतीन वर्षांचे चारशे किलो. चार क्विंटल! एवढी तूर झाली असती तर आमच्या काकांनी गावभर पेढे वाटले असते. मी एवढी घाण जालन्याच्या तळ्याकाठी वाटून आलो होतो आणि स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत होतो. ब्लॉगवर घाणेवाडीच्या पक्ष्यांचे फोटोसुद्धा टाकले होते. शोधाल तर सापडतील.

एका तळ्यावर रोज अशी दहा कुत्री येतात असं समजा. वर्षाला टनभर झालं.

हे सगळं मी ओळखीच्या कुत्रेवाल्यांना सांगायला लागलो आणि मग खरी मजा सुरू झाली. गेल्या काही महिन्यांत मला जी उत्तरं मिळाली ती इतकी ठरावीक आहेत, की मी त्यांना नंबर दिलेत.

उत्तर पहिलं: ‘अरे, खत होतं त्याचं!’

हे सगळ्यात लोकप्रिय. आपण शेणाने अंगण सारवणाऱ्यांची लेकरं, त्यामुळे हे पटकन पटतं. पण गाय गवत खाते. तिच्या शेणात त्याच रानातलं गवत परत त्याच रानात जातं. बंड्या काय खातो? चिकन-भात आणि पिशवीतलं विकतचं खाद्य. म्हणजे कुठल्या तरी पोल्ट्रीतलं आणि कारखान्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मी गाडीत घालून घाणेवाडीला नेतो आणि तिथे ओततो. हे खताचं चक्र नाही, ही एकतर्फी वाहतूक आहे.

आणि ती किती असू शकते? बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या निसर्गराखीव भागांमध्ये तिथल्या संशोधकांनी दीड वर्ष फिरायला येणारी कुत्री मोजली. २०२२ मध्ये त्यांनी हिशोब छापला: कुत्र्यांमुळे दर हेक्टरी वर्षाला साधारण ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत जातं. ‘बरंच झालं की’ असं एखादा शेतकरी म्हणेल. शेतात बरं, रानात नाही. माळरानावरची कितीतरी झाडं-गवतं ही मुळात कमी खताच्या जमिनीला सरावलेली असतात. खत वाढलं की दोन-चार माजोरी जाती बाकीच्यांना दाबून टाकतात. आणि तेच फॉस्फरस पावसाबरोबर तळ्यात उतरलं की शेवाळ माजतं. त्याच अभ्यासातली चांगली बातमी अशी, की मालकांनी विष्ठा उचलली तर फॉस्फरस जवळजवळ पूर्ण थांबतं आणि नायट्रोजन निम्म्यावर येतं. उरलेलं मूत्रातून जातं, त्याला इलाज नाही. पण निदान जे हाताने उचलता येतं ते तरी उचलावं की नाही?

उत्तर दुसरं: ‘आपलं ऊन बघ. दोन दिवसांत वाळून माती होते.’

मीही हेच मानायचो. मे महिन्यात जालन्यात रस्त्यावर पापड भाजावा अशी स्थिती असते, तिथे जंतूंचं काय चालणार! चालतं. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंताची, म्हणजे टॉक्सोकाराची अंडी ताजी असताना रोग पसरवतच नाहीत. त्यांना मातीत दोन-चार आठवडे मुरावं लागतं, मग ती धोकादायक होतात, आणि सावलीतल्या ओलसर मातीत पुढे काही वर्षंही टिकू शकतात. म्हणजे ‘वाळलं, संपलं’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर सुरुवात झालेली असते. घाण दिसेनाशी होते, अंडी राहतात. मातीत खेळणाऱ्या पोरांच्या नखांतून ती पोटात जातात. अळ्या शरीरात भटकत डोळ्यापर्यंत पोचल्या तर नजर जाऊ शकते. अंकुशकृमी आणखी पुढचे. त्यांच्या अळ्या थेट अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. आता तुम्ही-मी तळ्यावर बूट घालून जातो. अनवाणी कोण जातं?

आणि शेळ्या-मेंढ्यांचं वेगळंच. हायडॅटिड नावाचा रोग आहे. कुत्र्याने शेळी-मेंढीची कच्ची वजडी, काळीज, फुप्फुस खाल्लं, त्यात गाठी असल्या, की कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात. ते गवत मेंढीने खाल्लं की मेंढीत गाठी. आणि ती अंडी हातावरून भाकरीबरोबर माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी. वर्षानुवर्षं कळत नाही, कळल्या की बऱ्याचदा ऑपरेशन. हे वाचत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती. गवताला पुसलेला तो हात. बंड्याला आम्ही खाटकाकडची कच्ची कापणावळ घालायचो. पौष्टिक म्हणून! आता शिजवल्याशिवाय काही घालत नाही आणि डॉक्टरांना विचारून जंताचं औषध वेळेवर देतो.

उत्तर तिसरं: ‘जंगली जनावरं काय डायपर घालतात का?’

विनोद चांगला आहे. पण कोल्हा जेवढं त्या रानात मिळतं तेवढ्यावर जगतो, म्हणून रानात कोल्हे मोजकेच असतात. आमची कुत्री डब्यातलं खातात, म्हणून त्यांच्या संख्येला रानाची मर्यादाच नाही. आणि मुख्य म्हणजे आपलं कुत्रं रानात फक्त घाण नेत नाही, रोगही नेतं. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात संशोधकांनी गावकुत्री आणि माळावरचे कोल्हे, म्हणजे आपली खोकड, यांचं रक्त तपासलं होतं. २०१४ मध्ये ते छापून आलं. बहुतेक कुत्र्यांना पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूंची लागण होऊन गेलेली होती, आणि खोकडांमध्येही या विषाणूंच्या खुणा सापडल्या. पार्व्हो पसरतो तो मुख्यतः विष्ठेतून, आणि मातीत तो महिनोन्महिने टिकतो. डिस्टेंपर काय करतो ते २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये देशाने पाहिलं. तुमच्या कुत्र्याला लस आहे, मान्य. खोकडाला कोण टोचणार?

उत्तर चौथं: ‘भटक्या कुत्र्यांचं कोण उचलतं? आधी त्यांचं बघा!’

हे उत्तर देताना लोकांचा आवाज चढतो. म्हणजे मुद्दा आपल्याला टोचलेला असतो. हे खरंच आहे की भटकी कुत्री जास्त आहेत. त्यांची नसबंदी, लसीकरण हे महापालिकेचं काम आहे. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम त्यासाठीच आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले तेव्हा तर देशात जणू दोनच पक्ष उरले होते, कुत्रेवाले आणि कुत्रेविरोधी. दोन्हीकडचे माझे मित्र एकमेकांशी अजून धड बोलत नाहीत. पण त्या सगळ्या भांडणात पट्टा हातात असलेला माणूस अलगद निसटला.

आमच्या धंद्यात याला जुनं उत्तर आहे. सिस्टीममध्ये आधीचे हजार बग आहेत म्हणून मी माझा नवीन बग तसाच चेक-इन करत नाही. (केला तर रिव्ह्यूमध्ये धुलाई होते.) भटक्या कुत्र्याला मालक नाही, म्हणून त्याची घाण कुणाची हा प्रश्न अवघड आहे. बंड्याला मालक आहे. त्याचा प्रश्न अवघड नाहीच मुळी.

असाच युक्तिवाद सांडपाण्याचाही होतो. ‘अख्ख्या गावाचं सांडपाणी कुंडलिकेत जातं, तिथे तुझा बंड्या किस झाड की पत्ती!’ खरं आहे. कुंडलिकेची आजची दशा बंड्याने केलेली नाही. सांडपाण्याला कोट्यवधींची यंत्रणा लागते, निविदा लागते, राजकीय इच्छा लागते. ते मागायलाच हवं, मतं देतानाही मागायला हवं. पण माझ्या भागाला लागतो कालचा पेपर. कोट्यवधींचं काम होत नाही म्हणून फुकटातलंही करायचं नाही, हे कुठलं गणित?

आणि पाण्याबद्दल बेफिकीर राहायची मुभा जालन्याच्या माणसाला तर नाहीच. २०१२-१३ चा दुष्काळ आठवतोय ना? पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी. टँकरमागे धावणारे हंडे. घाणेवाडीचा तळ उघडा पडला होता, आणि गावातल्या लोकांनी वर्गण्या काढून तिथला गाळ उपसला होता. तेव्हा मी पुण्यात चोवीस तास पाण्याच्या सोसायटीत बसून फेसबुकवर हळहळत होतो. ज्या तळ्याचा गाळ लोकांनी पदरचे पैसे घालून काढला, त्याच्याच काठावर मी दर रविवारी नवीन टाकत आलो. पहिल्या मृगाच्या पावसाने काठावरचं सगळं कुठे जातं हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पाणी उताराकडे जातं. आणि घाणेवाडीतून तर थेट आपल्या नळाकडेच.

उत्तर पाचवं: ‘सफाई कामगार कशाला आहेत मग?’

हे शेवटचं ठेवलं, कारण माझ्या मते बाकीची चारही उत्तरं म्हणजे याच उत्तराला घातलेले कपडे आहेत.

जरा आठवा. २००० साली आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. हागणदारीमुक्तीची मोहीम आली. पुढे २०१४ मध्ये स्वच्छ भारत आलं, २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. या काळात गावोगावी ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली. पहाटे शिट्ट्या वाजवत जायचं, टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला गाठायचं, गुलाबाचं फूल द्यायचं, नाहीतर फोटो काढायचा, दंड करायचा. संडास बांधले गेले हे चांगलंच झालं, त्यावर वाद नाही. पण ज्याच्या घरी पाणीच नाही, जागाच नाही, अशा माणसाला आपण भल्या पहाटे चारचौघांत उघडं पाडलं आणि त्याला सुधारणा म्हटलं. आम्ही शहरातले लोक तेव्हा पेपरात वाचून माना डोलवत होतो. ‘यांना शिस्तच नाही हो!’

आणि आता त्याच पहाटे, त्याच वेळेला, त्याच तळ्याकाठी कोण उभं आहे? ट्रॅकसूट घातलेला मी. हातात टमरेलाऐवजी पट्टा. आमच्यासाठी शिट्टी नाही, फूल नाही, फोटो नाही. टमरेलवाल्याचा नाइलाज होता. माझा काय नाइलाज आहे? माझ्या घरी फ्लश आहे, पाणी आहे, रद्दी आहे, दोन हात आहेत.

नाइलाज नाही, किळस आहे. आणि ती किळस साधी नाही. ओला नॅपी बदलताना आपल्याला किळस येत नाही. बंड्याने घरात गालिच्यावर केलं तर मी मुकाट्याने साफ करतो. मग दाराबाहेर पाऊल टाकलं की हाच हात का आखडतो? कारण बाहेर चार लोक बघतात. ‘इंजिनिअर माणूस, आणि घाण उचलतोय!’ घाण उचलणं हे ‘आपलं’ काम नाही, ते ‘त्यांचं’ काम आहे, हे आपल्याला न शिकवता शिकवलं गेलंय. कोणाचं, हे तोंडाने बोलायची गरज पडत नाही. सगळ्यांना माहीत असतं. हाताने मैला उचलायला लावायला बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये आणखी कडक झाला. पण तो माणसाच्या मैल्यापुरता आहे. आमच्या कुत्र्यांचा मैला त्यात बसत नाही. तो पहाटे झाडू घेऊन येणारी बाई बिनबोभाट उचलते. नाहीतर गवत कापणारी मावशी हातात घेते.

ज्या गाडगेबाबांच्या नावाने आपण अभियान चालवलं, ते गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे, गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. सेनापती बापट क्रांतिकारक, ब्रिटनला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला माणूस, पण पारनेरला रोज सकाळी झाडू घेऊन रस्ते साफ करायचे. त्यांच्यासारखं दुसऱ्याची घाण काढण्याएवढे आपण मोठे नाही. पण निदान स्वतःच्या कुत्र्याची? तेवढी उंची तरी गाठता येईल?

कायदा काय म्हणतो असं कुणीतरी विचारेलच. मुंबईत २००६ च्या स्वच्छता उपविधींपासून पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यातला ‘कुत्रा पाळायला बंदी करता येणार नाही’ हा भाग प्रत्येक कुत्रेवाल्याला पाठ असतो. त्याच सूचनांमध्ये मालकांनी घाण साफ करावी असंही सांगितलंय, तो भाग मात्र कुणाच्या व्हॉट्सअॅपवर फिरत नाही. न्यूयॉर्कमध्येही १९७८ पर्यंत रस्तोरस्ती हीच अवस्था होती. कायदा आला, लोकांनी आधी टर उडवली, मग सवय झाली. जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झालं. आज ना उद्या इथेही दंड येईल. पण दंडाच्या भीतीने उचलायचं असेल तर आपण त्या पथकाचीच वाट बघतोय, असं म्हणावं लागेल.

आता थोडं कामाचं. एवढं ऐकवल्यावर कसं करायचं हेही सांगायला हवं.

मी पेपर वापरतो. कालचा, जाड पुरवणीचा उत्तम. बंड्या बसायच्या तयारीत आला की पेपर खाली सरकवायचा. दोन-तीन दिवसांत अंदाज येतो, आणि मग जमिनीला काही लागतही नाही. हुकलं तर वरून चिमूटभर कोरडी माती टाकायची, म्हणजे चिकटत नाही, आणि दुसऱ्या कागदाने उचलायचं. घरी आणून संडासात टाकायचं, कागद वेगळा. एक बादली पाणी पुरतं. घराला मोकळी जागा असेल तर परसात खड्डा करा, रोज वरून राख-माती टाका. पण विहीर-बोअरपासून लांब, आणि ते खत भाजीला अजिबात नाही.

प्लॅस्टिकची पिशवी वापरत असाल तर एक विनंती. उचलून, गाठ मारून ती झुडपात फेकू नका. पुण्यात टेकडीवर अशा रंगीत पुरचुंड्या लटकलेल्या मी पाहिल्यात. न उचललेलं निदान कधीतरी कुजतं. पिशवीतलं पिढ्यान्पिढ्या राहतं. त्यापेक्षा न उचललेलं बरं म्हणायची वेळ येते.

लोक बघतात का? बघतात. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे एक काका असे बघत होते की जणू मी खिसा कापतोय. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, ‘रोज उचलता?’ तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पामेरियनबरोबर त्यांच्या हातात पेपर होता. आमच्यात बाकी काही बोलणं झालं नाही. फक्त ते इंग्रजी पेपर वापरतात, मी मराठी. :-)

त्या मावशी परत भेटल्या दिवाळीनंतर. बंड्या पळत गेला, मी मागून गेलो. माझ्या हातात पेपरची पुरचुंडी होती. त्यांनी ती बघितली, पण काही बोलल्या नाहीत. शेळ्या कशा आहेत विचारलं तर म्हणाल्या, एक व्यायलीय, दोन पिल्लं झालीत. बंड्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि परत गवताला लागल्या.

ता.क. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी उद्या सकाळी खिशात पेपर टाकून निघायचंय. आणि कुत्रा वाकल्यावर मोबाईलवर मेसेज आला, तर तो मी पाठवलेला आहे असं समजा.